शिवणीत गेलेली बाई

३ मार्च

दीड वर्षाने काम आलं. नाताळच्या एका जुन्या गाण्यावर चित्रांचं पुस्तक करायचंय. बत्तीस पानं, पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी, आणि नाताळच्या महिनाभर आधी दुकानात पोचलं पाहिजे. संपादकबाई नव्या आहेत, आमच्या लेकीच्या वयाच्या. मला सर म्हणतात आणि मी बोलत असलो की लिहून घेतात. बरं वाटलं. दीड वर्षात मला कुणी काही विचारलंच नव्हतं.

कागदवाल्याने नमुना म्हणून दिलेली ही वही पडून होती. या पुस्तकाची हकिकत तीत लिहून ठेवणार आहे. पुढेमागे कुणी माझ्यावर लिहायला घेतलं तर शोधाशोध नको.

तर आधी पद्धत. सव्वीस वर्षं आम्ही दोघं एकाच टेबलावर काम करतो. मी पेन्सिलीने आखणी करतो, टाकाने काळी रेषा ओढतो, शाई वाळली की कागद हिच्याकडे सरकवतो. ही रंग भरते. चित्र म्हणजे रेषा, रंग हे वरचे कपडे. चाळीसएक पुस्तकं झाली. सगळ्यांवर चित्रकार म्हणून माझं नाव आहे, तेही माझ्याच हातच्या अक्षरांत. मुखपृष्ठावर छापील अक्षरं मी चालवून घेत नाही.

हिला गाणं कोणतं ते सांगितलं तर हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिली. म्हटलं, अगं पाणी सांडतंय.

८ मार्च

गाणं सोपं आहे. थंडीची रात्र, एक दमलेला नवरा, दिवस भरलेली त्याची बायको आणि एक गाढव. ते दार ठोठावतात, दार उघडतं, घरातला माणूस काहीतरी सबब सांगतो, दार बंद होतं. असे आठ दरवाजे. एकाकडे पाहुणे, एकाकडे बाळ नुकतंच झोपलेलं, एकाची किल्ली धन्याकडे, एकजण तर जेवायला बसलोय म्हणतो. नववं दार गोठ्याचं, ते नुसतं लोटलेलंच असतं.

हिला सगळंच्या सगळं पाठ आहे. तिची आई म्हणायची म्हणे. भाजी चिरताना ही गुणगुणत होती तेव्हा मी चाल पहिल्यांदा ऐकली. सव्वीस वर्षांत कधी म्हटलं नाहीस, असं मी विचारलं. म्हणाली, तुमचा रेडिओ चालू असतो. खरं आहे, मला रेडिओशिवाय रेषा सुचत नाही.

मधूनच तिने सांगितलं की सहाव्या दारापाशी बाई पहिल्यांदा स्वतः ठोठावते, नवरा नाही. कडव्यात तसं स्पष्ट नाहीये. तिची आई म्हणे तिथे आवाज बदलायची. मी म्हटलं, बघू.

२९ मार्च

कच्ची आखणी पूर्ण. प्रत्येक दाराला दोन पानं, समोरासमोर, मिळून एकच चित्र. डावीकडे नवरा दार ठोठावतोय, उजवीकडे दार नि आतला माणूस, मध्ये बाई. गाढव मागे. मोठी ऐसपैस रचना झाली आहे. हात गेला नाहीये माझा अजून.

हिने कागद पाहिले आणि बाईवर बोट ठेवलं. म्हणाली, ही शिवणीत जाईल.

पुस्तक जिथे शिवतात तिथे, दोन पानांच्या मधल्या घडीत, बोटभर कागद गिळला जातो. त्याला आम्ही शिवण म्हणतो. महत्त्वाचं काही तिथे ठेवायचं नाही हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. मी तिला म्हटलं की मी अंतर सोडलंय, आणि चाळीस पुस्तकं मी काढली आहेत. तिने पुन्हा विषय काढला नाही. शहाण्याला शब्दाचा मार.

१६ एप्रिल

वाईट दिवस.

नमुन्याची प्रत शिवून घेऊन कचेरीत गेलो. बरोबर एक पान हिने पूर्ण रंगवलेलं होतं. संपादकबाईंनी प्रत उघडली, पानं उलटली, परत मागे गेल्या, दोन्ही हातांनी पुस्तक पार आडवं दाबलं. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "सर, यातली बाई कुठे गेली?"

नवरा होता. दार होतं. गाढव, कान नि शेपटीसकट, होतं. बाईची एका पानावर बाही दिसत होती, दुसऱ्या पानावर चप्पल. आठपैकी पाच चित्रांत हेच. मी म्हणालो की शिवणाऱ्याने फार आत टाके घातलेत. त्यांनी मान डोलावली. माझ्या लेकीचीही मान अशीच डोलते, पटलेलं नसलं की.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. रंगवलेल्या पानाला डाग लागू नये म्हणून मी त्यावर हिचा एक रद्दी कागद ठेवला होता. रंग लावून बघायचा कागद. त्यावर तिने सहज, रेषेबिषेशिवाय, नुसत्या ओल्या रंगात ते गाढव आणि शेजारी बाई काढली होती. संपादकबाई तो कागद उचलून खिडकीशी गेल्या. बराच वेळ तिथेच उभ्या होत्या. हे कुणी केलं, असं विचारलं त्यांनी. मी म्हणालो, आमच्याकडचंच आहे.

त्यांना सगळं पुस्तक तसं हवंय. रेषा नको.

घरी येऊन हिला सांगितलं की यावेळी रेषा काढून टाकायची असं मी सुचवलंय, काळ बदलला, आपणही बदललं पाहिजे. आणि शिवणाऱ्याची चूक झाली तेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "सगळं रंगातच?" एवढंच तिने विचारलं, आणि ताट वाढलं.

११ मे

मोठं टेबल तिला दिलं. तिला पसरायला जागा लागते. मी जेवायच्या टेबलावर आहे. अक्षरांचा सराव करतो.

३० मे

तीन दारं झाली. खरं लिहायचं तर खरं लिहू, ही वही कुणी वाचत नाही. चांगली झालीत. थंडी दिसते. मी थंडी दाखवायला श्वासाची वाफ काढली असती, कानटोप्या काढल्या असत्या. तिने भिंतींना असा काही निळा दिलाय की हात खिशात घालावासा वाटतो. हे तिला कुणी शिकवलं? मी तर नाही. मी सव्वीस वर्षं तिला सांगत आलो, रेषेच्या बाहेर जाऊ नकोस.

बाई आता शिवणीपासून चांगली चार बोटं दूर आहे, प्रत्येक पानावर.

माझी कामं: पाणी बदलणं, ब्रश धुणं, चहा. चहाला ती काही म्हणत नाही, पण अर्धा ठेवते. दिवसभर मी घरात इकडून तिकडे फिरत असतो. काल तिने मला विचारलं, रेडिओ जरा बंद करता का.

कानामागून आली आणि तिखट झाली, ती म्हण आठवली. लिहून खोडणार होतो. राहू दे.

१९ जून

दुपारी सहावं दार रंगवताना ब्रश न थांबवता तिने विचारलं, "अहो, यावेळी माझं नाव येईल का?"

मी म्हणालो, "बोलतो."

तिने आजवर कधी मागितलं नव्हतं. एकदम का सुचलं कोण जाणे. लेकीने काही मनात भरवलं असेल.

२ जुलै

लेक आली होती दोन दिवस. चित्रं बघता बघता खो खो हसत सुटली. विचारलं तर म्हणाली, "बाबा, दारातले हे आठही जण तुम्हीच आहात."

मी बारकाईने पाहिलं. एकाने चष्मा कपाळावर चढवलाय, एकाच्या कानावर पेन्सिल आहे, तिसरा दाराच्या फटीतून बोलतोय नि मागे रेडिओ दिसतोय. पाहुणे आहेत म्हणणाऱ्याचं टक्कल थोडं माझ्यासारखं आहे, कबूल. आरशात जाऊन आलो. यात हसण्यासारखं काय? चित्रकार समोर असेल तोच नमुना घेतो. दिवसभर तिच्यासमोर मीच असतो. उलट मला जरा बरंच वाटलं, की इतक्या वर्षांनीही ती माझा चेहरा न बघता काढू शकते.

हिला विचारलं. म्हणाली, हात तिकडेच जातो.

२१ जुलै

कचेरीतून फोन आला होता. ही बाजारात गेली होती. संपादकबाई म्हणाल्या की मुखपृष्ठावर ताईंचं नाव घेऊ, आणि आतल्या पानावर "मांडणी आणि अक्षरे" म्हणून सरांचं, चालेल ना?

मांडणी आणि अक्षरे. दुकानाच्या पाट्या रंगवणाऱ्यासारखं.

मी म्हणालो की तिला नाव नको असतं. भिडस्त स्वभाव आहे. आजवर कधीच घातलं नाही, आता घातलं तर अवघडून जाईल. त्या म्हणाल्या, एकदा त्यांच्याशी बोलू का? मी म्हणालो, ती फोनवर बोलत नाही फारशी.

यात सगळंच खोटं नाहीये. तिला चारचौघांत पुढे केलेलं आवडत नाही. आमच्या लग्नातही फोटोत ती मागेच सरकत होती. आणि माझं म्हणावं तर, दुकानात माझं नाव बघून पुस्तक उचलणारे लोक आहेत. तिचं नाव कुणाला माहीत आहे? पुस्तक पडून राहिलं तर तिलाच वाईट वाटेल. पुढच्या वेळी दोघांचं घालू. मी स्वतः काढीन तिची अक्षरं, माझ्याइतकीच मोठी.

ती परत आली तेव्हा मी पिशवी घ्यायला दारापर्यंत गेलो. आश्चर्याने बघत होती.

२२ जुलै

ती काही विचारत नाहीये. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

१४ ऑगस्ट

गोठ्याचं चित्र संपलं. त्यात माणसं जवळजवळ नाहीतच. लोटलेलं दार, फटीतून येणारा पिवळा उजेड, आणि तो उजेड बर्फावर पडलाय तिथे बाईचा एक पाय. पाय आत टाकलाय की टाकणार आहे ते कळत नाही. मी बघत उभा राहिलो आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. का ते समजलं नाही. ही ब्रश धूत होती. मी म्हणालो, बरं झालंय.

मूळ चित्रं कचेरीत पोचवली. मुखपृष्ठाची अक्षरंही दिली. नाव एकच.

१८ सप्टेंबर

दाताच्या डॉक्टरकडे गेलो होतो. घरी आलो तर टेबलावर चिठ्ठी: "छापखान्यात जातेय. लाल मळकट येतोय असा फोन होता."

तसाच, अर्धा गाल बधिर, रिक्षा करून गेलो.

ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी लिहितो. छपाई सुरू करताना पहिले काही कागद काढून रंग जुळवतात. ज्याने रंग पाहायचे तो मशीनपाशी उभा राहतो, थोडा लाल कमी करा, थोडा निळा वाढवा, असं सांगतो, आणि जुळला की त्या कागदावर सही करतो. मग तो कागद मशीनवर टांगतात आणि बाकीचे सगळे त्याच्याबरहुकूम काढतात. हे काम आजवर मी करायचो. म्हणजे कागद घरी आणायचो, ती सांगायची, मी जाऊन सही करायचो.

मी पोचेपर्यंत ती निघून गेली होती. मशीन चालू होतं. मशीनवाला खूश होता, म्हणाला, ताईंची नजर म्हणजे नजर, तीन कागदांत जुळवून दिलं, आजवर असा माणूस पाठवला नाहीत तुम्ही कधी. वर टांगलेला कागद मुखपृष्ठाचा होता. माझ्या अक्षरांत माझं नाव, सुबक, ठसठशीत. कागदाच्या अगदी कडेला, पेन्सिलीने, "रंग बरोबर", खाली तिचं नाव आणि तारीख.

ती कडा नंतर कापून टाकतात.

संपादकबाई तिथेच होत्या. म्हणाल्या, सर, मी ताईंना शेवटचं विचारलं, अजून वेळ आहे, नाव घालायचं का. तर म्हणाल्या, यांनी सांगितलंय ना, मग राहू द्या, मशीन थांबवू नका. एवढं सांगून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी गालावर हात ठेवून उभा होतो. दाताचं निमित्त बरं सापडलं.

घरी आलो तर ही चहा ठेवत होती. दुखतंय का, विचारलं. मी नाही म्हणालो. लाल कसा आला, मी विचारलं. चांगला आला म्हणाली.

बाकी काही बोलली नाही. म्हणजे फारसं मनाला लावून घेतलेलं दिसत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती माझी की तिची, एवढंच कळत नाहीये.

१२ ऑक्टोबर

ही लेकीकडे गेली. चार दिवस जाऊन येते म्हणाली. मोठा बोर्ड, दोन्ही रंगपेट्या आणि सगळे ब्रश बरोबर नेले. चार दिवसांसाठी एवढं ओझं कशाला, असं मी म्हटलं. म्हणाली, हात चालू राहिलेला बरा. गाडीत बोर्ड मीच चढवून दिला.

२० ऑक्टोबर

लेकीकडची हवा मानवतेय म्हणते. राहू दे.

२५ नोव्हेंबर

पुस्तक आलं. सुंदर आलंय. वर्तमानपत्रात चार ओळी आल्यात: इतकी वर्षं रेषेत अडकलेल्या चित्रकाराने उतारवयात रेषा सोडण्याचं धाडस केलं आहे. कात्रण कापलं. चिकटवायला खळ घेतली आणि ठेवून दिली.

एक प्रत लेकीच्या पत्त्यावर पाठवली. पोचली असा निरोप लेकीने दिला. ही काय म्हणाली ते नाही सांगितलं.

१९ डिसेंबर

मुलांच्या वाचनालयात कार्यक्रम होता. तीसएक मुलं सतरंजीवर. मी गाणं वाचून दाखवलं, मुलं आठही दारांना "नाही, नाही" ओरडत होती. मजा आली, खोटं कशाला बोलू. मग ग्रंथपालबाईंनी पुढ्यात मोठा कागद, पाण्याचा पेला आणि रंगांची पेटी ठेवली. म्हणाल्या, सर आता आपल्याला पुस्तकातलं गाढव काढून दाखवणार.

मी खिशातलं पेन काढलं. म्हणाल्या, रंगात सर, पुस्तकातल्यासारखं.

ब्रश धरला. करडा घेतला, पाणी जास्त झालं, पोट पसरलं. कान काढायला गेलो तो पोटात मिसळला. मुलं आधी गप्प होती, मग एक दोघं कुजबुजली. मला काही सुचेना. मी पेनाने भराभरा कडा काढली. पाय, शेपटी, डोळा. दोन मिनिटांत झकास गाढव उभं राहिलं. आयुष्यभर मी तशी हजार काढलीत.

पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली. सात वर्षांची असेल. पुस्तक उघडून तिने माझ्या कागदाशेजारी धरलं, एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. तिच्या आवाजात भांडण नव्हतं. चुकीचा पत्ता सांगणाऱ्याला सांगावं तसं ती म्हणाली, "पण हे तुम्ही नाही काढलेलं."

ग्रंथपालबाई हसून म्हणाल्या, अगं, सर आज घाईत आहेत. बाकीची मुलंही हसली. ती मुलगी हसली नाही. ती माझ्या उत्तराची वाट बघत होती. मी तिच्या प्रतीवर सही करून दिली.

घरी येऊन बूटही न काढता बसलो. मला लाज वाटली. दुसरा शब्द शोधला, सापडला नाही.

२८ डिसेंबर

आज सकाळी फोन केला. लेकीने उचलला आणि हिच्याकडे दिला.

मी म्हणालो, "नाव नको असं मीच सांगितलं होतं त्यांना. तुझ्या वतीने."

ती म्हणाली, "माहीत आहे."

"मग मशीनवर बोलली का नाहीस? त्या थांबवायला तयार होत्या."

"बोलले होते की. जूनमध्ये. तुम्हाला."

तिकडे कुठेतरी पाण्यात ब्रश खळखळवल्याचा आवाज येत होता, म्हणजे ती फोनवर बोलतानाही काम करत होती. मी विचारलं काय चाललंय. तिने सांगितलं की संपादकबाईंनी नवं पुस्तक दिलंय. ऑक्टोबरातच दिलं होतं. लेकीच्या घराजवळ एक खोली घेतली आहे, उत्तरेला खिडकी आहे, उजेड सरळ येतो. हे सगळं तिने कालच्या हवेबद्दल सांगावं तसं सांगितलं. तिच्या आवाजात राग असता तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं.

मी म्हणालो की येतो मी तिकडे. पाणी बदलीन, ब्रश धुवीन. रेडिओ आणणार नाही.

ती म्हणाली की नको, तुम्हाला तिथे करमणार नाही.

मग मी विचारलं. विचारताना माझा आवाज कसा होता ते मला लिहायचं नाहीये. "नव्या पुस्तकाला रेषा लागतील का?"

ब्रशचा आवाज थांबला. तिने घाई केली नाही, विचार करून सांगितलं, "नाही हो. आता नाही लागत."

मी बरं म्हणालो. तब्येतीला जपा म्हणाली, मीही तेच म्हणालो, आणि तिने फोन लेकीकडे दिला.